रडक्या राजाचा पैसा

मालन गेली त्या सकाळी मी नळावर होतो. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पाणी येतं ते थोडा वेळ, त्यामुळं घरात कितीही आजारपण असलं तरी घागर घेऊन उभं राहावंच लागतं. मालनपाशी शेजारच्या गंगाक्कांना बसवून मी खाली आलो होतो. घागर भरली, खांद्यावर घेतली, वळलो, तर गंगाक्का दारात. आरडाओरडा नाही, रडणं नाही. एवढंच म्हणाल्या, "दाजी, घागर खाली ठेवा." मी ठेवली. काय झालं म्हणून विचारलं नाही. नळ तसाच चालू होता, मग कुणीतरी तो बंद केला... माझ्या बायकोच्या मरणाची बातमी मला ही अशी कळली.

आलेले सगळे म्हणाले, सुटली. साखरेच्या आजारानं आधी तिचे डोळे नेले, मग पायातली ताकद, शेवटी मूत्रपिंडं. तेव्हा सुटली म्हणणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मलाही तसंच वाटलं, आणि वाटलं याची लाज वाटत नाही. ज्यानं तिचं दुखणं जवळून बघितलंय त्यालाच ते वाटू शकतं. पण जिभेनं ती शेवटपर्यंत ठणठणीत होती. आदल्या दिवशी चहा पाजायला बसलो तर म्हणाली, "अवो, आज तरी साखर घाला की. आता काय बिघडायचं ऱ्हायलंय माझं?" मी घातली नाही. डॉक्टरनं नको म्हटलं होतं ना...

तिच्याबद्दल लिहा असं आमची लेक सुरेखा पहिल्या आठवड्यापासून म्हणत होती. तेव्हा मी बसलो नाही, कारण माझ्या मागं एक काळजी लागली होती. ती आता मिटली, मन हलकं झालं, म्हणून लिहितोय. काळजी एका पैशाची होती. किमतीचं म्हणत नाही मी. राजाचं तोंड असलेला एक जुना तांब्याचा पैसा, त्याची काळजी.

मी शिकलो चौथीपर्यंत. पुढं सगळं आयुष्य उद्यमनगरात पॉवर प्रेसवर गेलं. लोखंडाची पट्टी प्रेसखाली सरकवायची, ठोका पडला की वायसर, म्हणजे बोल्टाखाली घालायची भोकाची चकती, खाली पडतो, परत सरकवायची. संध्याकाळी ढीग पुढ्यात घेऊन बसायचं आणि खोट असलेला माल बाजूला काढायचा. कुणाचं भोक मधे नाही, कुणाची कड चावल्यासारखी, कुणाला बर आलेली. बर म्हणजे कडेला राहिलेलं धारदार पातं, ते बोटाला लागतं. असला माल आम्ही रिजेक म्हणायचो आणि भंगारच्या पिंपात टाकायचो. त्याच प्रेसनं लग्नाआधी माझ्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी नेली. मालनच्या माहेरी, कोडोलीत, तेव्हा बरीच कुजबुज झाली होती म्हणे. ती मात्र जन्मभर त्यावरून माझी थट्टा करायची. भाजीत मीठ जास्त पडलं आणि मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "रिजेक माल पदरात घेतलाय मी, आणि वर माझ्याच कालवणात खोट काढताय."

सुरेखा जयसिंगपूरला नांदायला गेल्यावर घर मोकळं झालं. मालन हात बांधून बसणाऱ्यातली नव्हती. आमच्या कारखान्याजवळच्या एका भंगारवाल्याकडं ती माल निवडायला जायला लागली. तांबं एकीकडं, पितळ एकीकडं, जस्त एकीकडं. नव्वदनंतरची गोष्ट आहे ही. तांब्याच्या ढिगात जुने पैसे यायचे. कुणाच्या म्हातारीच्या गाडग्यातले, कुणाच्या पाण्याच्या मोटारीतून निघालेले. भोकाचा पैसा आता तरुण लोकांनी बघितलाही नसेल. लढाईच्या काळात निघालेला, मधोमध मोठं भोक असलेला. चलनातून गेल्यावर मिस्त्री लोक तो वायसर म्हणून वापरायचे. एका संध्याकाळी मालननं पदराची गाठ सोडली आणि असा एक पैसा माझ्या भाकरीच्या ताटाशेजारी ठेवला.

"बघा की, ह्याचं भोक बाजूला गेलंय."

मी न बघताच बोललो, "रिजेक हाय. टाक."

"टाकायचा कशाला? बाकीचे सगळे सारखे हाईत. ह्यो एकटाच येगळा हाय."

"येगळा म्हंजेच रिजेक."

"तुमी टाका जावा तुमचं," ती म्हणाली. "मी उचलतो." आमच्याकडच्या बायका आलो-गेलो असंच बोलतात, मालनही तसंच बोलायची. आणि खरंच उचलला तिनं. माझा कारखान्यातला जुना जेवणाचा डबा फळीवर पडून होता, त्यात टाकला. मालकाला सांगून असले पैसे ती तांब्याच्या वजनावर घ्यायला लागली. तो हसायचा, पण द्यायचा.

पहिली चूक तिनं लगेचच केली. दिवाळीला तांब्याची घागर आणि घंगाळ घासायला काढलं तेव्हा डब्यातले पैसेही काढले, आणि चिंच-मीठ लावून असे घासले की कुंकवासारखे लाल झाले. खूश झाली. महाद्वार रोडला रस्त्याच्या कडेला कापडावर जुनी नाणी मांडून एक म्हातारा बसायचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. पैसे दाखवायला आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो. मी आपला ओढत नेलेला. चाचानं एक पैसा हातात घेतला, भिंग लावलं, आणि आमच्याकडं असं बघितलं जसं काही आम्ही कोंबडं कापून त्याच्या पुढ्यात ठेवलंय.

"बाई, चामडी सोलून आणलीसा की हो ह्याची."

"घाण हुता, म्हणून घासला," मालन म्हणाली.

"ती घाण न्हाय. सत्तर वर्षं लागतात ती काळी चामडी यायला. तुमी एका सकाळी काढलीसा. बारीक काय असंल ते पण गेलं तिच्यासंगं."

मालननं घासलेले पैसे परत पदराला बांधले. घरी आल्यावर म्हणाली, "तांबं म्हटलं की घासायचं, हे आईनं शिकवलं. न घासायचं पण तांबं असतंय, हे कुणी सांगिटलंच न्हाय." त्या दिवसापासून त्या डब्याला चिंच लागली नाही. पुढं ती ज्याला त्याला हेच सांगत सुटली. गंगाक्कांनी एकदा त्यांच्या सासूचा एक पैसा लखलखीत करून दाखवायला आणला, तर मालननं त्यांना असं झापलं की त्या माउलीनं पैसा मुठीत लपवला. मला आतल्या खोलीत हसू आवरेना.

चाचाकडं आमचं जाणं सुरू झालं. विकत घ्यायला आमच्याकडं काही नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. पण गिऱ्हाईक नसलं की तो सांगत बसायचा. टाकसाळीत झालेली चूक वेगळी, आणि पैसा बाहेर आल्यावर माणसानं केलेली चूक वेगळी. पहिलीला मान, दुसरीला काही नाही. नवशिका माणूस फसतो तो इथंच, असं तो म्हणायचा. मला ते ऐकताना गंमत वाटायला लागली, कारण त्यातलं बरंच मी रोज कारखान्यात बघत होतो, फक्त त्याकडं त्या नजरेनं बघितलं नव्हतं. एकदा मालननं कड चावलेला पैसा आणला. अर्ध्या चंद्राएवढा तुकडा कमी. ती म्हणाली कुणीतरी कातरलाय. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून तसाच एक वायसर खिशातून आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. पट्टी पुरती सरकली नाही की पुढचा ठोका आधीच्या भोकावर जरासा चढतो आणि असा चावलेला माल निघतो. "म्हंजे," ती म्हणाली, "तिकडं टाकसाळीत पण तुमच्यासारखाच कोणतरी डुलक्या काढत हुता." पुढं रोज जेवण झालं की हेच. साच्यात वंगण-घाण बसली की एखादं अक्षर उठत नाही. ठोका बाजूला पडला की एका कडेला कोरी जागा राहते. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं अक्षर पुसट उठलंय ते ती माझ्याआधी सांगायची. मी अक्षर वाचायचो, ती आकार बघायची, म्हणून असेल.

आणि तो भोक सरकलेला पहिला पैसा? तो आम्ही मोठ्या मानानं, सगळ्यात शेवटी चाचापुढं ठेवला. चाचानं तो उलटा केला, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मलाच विचारलं, "मिस्त्री, तुमी काय काम करता म्हणालासा?" मी म्हटलं, वायसर. "मग फिरवा की बोट." मी फिरवलं. एका बाजूला बर होती. कुणीतरी मिस्त्रीनं मोठा बोल्ट बसवायचा म्हणून कानस आणि गिरमिट घालून ते भोक एका बाजूला वाढवलं होतं. टाकसाळीचा त्यात काही संबंध नव्हता. रोज बर बघणारा मी, आणि घरातल्या पैशावर एकदा बोट फिरवलं नव्हतं. मालन परत येताना हसून हसून दमली. गंगावेशीत थांबून तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चांगलं झालं बघा. आता दोघं पण रिजेक." तो पैसा मात्र तिनं डब्यातून काढला नाही. पहिला होता म्हणून.

रडका राजा आला तो नंतर. पाव आण्याचा तांब्याचा पैसा, वर मुकुट घातलेला गोरा राजा, बाजूला तोंड केलेला. पैसा पूर्ण काळा. त्याच्या डोळ्यापासून निघून गालावरून, दाढीवरून खाली काठापर्यंत एक केसासारखी रेघ गेलेली. मालनला ते बघताक्षणी रडणं वाटलं, आणि नाव पडलं रडका राजा. मी म्हटलं ओरखडा आहे. ती म्हणाली न्हाय. मी म्हटलं, अगं खिळ्यानं ओढलेला दिसतोय की. ती म्हणाली न्हाय. हे भांडण आमच्यात कितीतरी दिवस चाललं. भांडी आपटण्यापर्यंत गेलं नाही, पण जेवताना पाठ करून बसण्यापर्यंत गेलं. शेवटी मीच तिला कारखान्यातली रीत सांगितली. बर आहे का नाही ते डोळ्यानं नाही बघायचं, नखानं बघायचं. नख आडवं ओढायचं. ओरखडा असला तर नख आत पडतं. साच्याला तडा गेलेला असला तर त्या तड्यात धातू शिरतो आणि रेघ पैशावर वर येते, मग नख तिला अडखळतं. मालननं डोळे मिटले आणि राजाच्या गालावरून नख आडवं ओढलं. परत एकदा ओढलं. मग पैसा माझ्या हातात दिला आणि भांडी घासायला गेली. मी ओढलं. नख अडखळलं.

चाचानंही तेच सांगितलं. साचा तडकलेला असताना काढलेला पैसा. मालननं विचारलं, म्हंजे असे किती असतील? चाचा म्हणाला, साचा पुरता फुटेपर्यंत जेवढे निघाले तेवढे, पण ते सगळे वितळले असतील, कुठं कुठं गेले असतील, कोण सांगणार. किंमत किती तेही त्यानं सांगितलं. फार काही नव्हती. मालनला त्याचं काही वाटलं नाही. ती मला म्हणाली, "साचा फुटाय लागलेला, तरी काम करत हुता. त्याचं हे शेवटचं हाय."

चाचा पुढं वारला. भंगारवाल्याकडचं तिचं काम सुटलं, कारण डोळे. आधी अक्षरं... तिला ती कधीच नव्हती म्हणा. मग राजाचं तोंड गेलं, मग पैशाची कड. दवाखान्यातून परत आलो, डोळे परत येणार नाहीत असं कळलं होतं, त्या दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती. मग म्हणाली, "डबा द्या इकडं." मी दिला. तिनं एकेक पैसा काढून त्यावर नख फिरवायला सुरुवात केली. ह्यो चावलेला. ह्याला कोरी कड. ह्यो आपला भोकाचा, खोटा. आणि राजावर आली तेव्हा तिचं नख त्या रेघेपाशी थांबलं, आणि तिच्या तोंडावर जे दिसलं ते मला सांगता यायचं नाही. हायसं वाटलं तिला. मलाही. नखानं बघायचं आधी शिकलो होतो आम्ही, गरज पुढं पडली.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत तो डबा तिच्या उशाशी असायचा. मी स्वयंपाक करायचो, ती आतून मला शिव्या घालत पैसे चाचपायची. फार दुखायला लागलं की राजा मुठीत धरायची. आणि जायच्या थोडे दिवस आधी, सुरेखा आलेली असताना, आम्हा दोघांना बसवून म्हणाली, "दागिना न्हाय माझ्याकडं द्यायला. ह्यो डबा हाय, सुरेखाला. एक करा. मोडीत जाऊ देऊ नका. मोडीतनंच काढलेत मी एकेक. आणि कुणी घासू नका." एवढंच मागितलं तिनं आयुष्यात माझ्याकडं, असं म्हटलं तरी चालेल.

तर आता त्या दिवसाबद्दल. घर माणसांनी भरलेलं. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. नवऱ्याच्या आधी गेलेली म्हणून कौतुकानं चाललं होतं सगळं. मी भिंतीला टेकून बसलेलो, कोण काय करतंय याच्याकडं माझं लक्ष नव्हतं. कोडोलीहून तिचा भाऊ आनंदा आलेला. तो धावपळ करणारा माणूस, त्यानंच सगळं अंगावर घेतलं. निघताना पुढं होऊन लाह्या, गुलाल आणि पैसे उधळायचे असतात. सुट्टे कमी पडले. आनंदानं इकडं तिकडं बघितलं आणि मालनच्या उशाजवळ त्याला डबा दिसला. तांब्याचे जुने पैसे, कुठल्याही दुकानात न चालणारे. त्याला वाटलं, ताईनं हे यासाठीच साठवून ठेवलेत. गल्लीच्या तोंडापासून पंचगंगेच्या घाटापर्यंत त्यानं ते मूठमूठ उधळले. मी मागून मान खाली घालून चाललो होतो. माझ्या पायाखाली एखादा आलाही असेल.

रक्षाविसर्जन झाल्यावर सुरेखानं विचारलं, "आबा, आईचा डबा कुठाय?" डबा फळीवर होता, रिकामा. आनंदाला विचारलं. त्यानं सरळ सांगितलं, त्याच्या मनात काही पाप नव्हतं. "दाजी, म्हटलं ताईनं आपल्या मातीसाठीच ठेवलेत. अहो, चालत न्हाईत ते पैसे." मग सुरेखाचं तोंड बघून त्याला काहीतरी कळलं. "काय झालं? मी काय केलो?" सुरेखानं त्याला डब्याची गोष्ट सांगितली. तो पायरीवर जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मालनसाठी तो तोपर्यंत रडला नव्हता. मी त्याला म्हटलं, "ऊठ. तुझी ताई असती तर हसली असती तुला." ती हसलीच असती. पण मला वेगळीच काळजी लागली. तांब्याचा पैसा रस्त्यात पडला की कोण उचलणार? भंगार वेचणारे. आणि तो जाणार कुठं? मोडीत, भट्टीत. ती एक गोष्ट मागून गेली आणि तिला घाटावर पोचवायच्या आधीच ती मोडली होती आम्ही.

मी गल्लीतून विचारत फिरलो. मागायचं कसं हाही प्रश्नच होता. बायकोच्या मातीत उधळलेले पैसे परत गोळा करणारा नवरा कोल्हापुरात मीच पहिला असेन. काही लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कोपऱ्यावरच्या फुलवालीनं तिचा पैसा आपण होऊन आणून दिला, तो चावलेला होता. चपला शिवणाऱ्या शिवाप्पाला जो सापडला तो द्यायला त्यानं मला दुकानात बसवून घेतलं, चहा पाजला. "काका, बरोब्बर माझ्या रापीपाशी येऊन पडलेला. म्हटलं काकू मला सांगिटल्याबिगर कशी जाईल." तिनं त्याच्याकडून चपला घेताना किती घासाघीस केली होती ते त्यानं मला सगळं ऐकवलं. असे एकेक येत गेले. कुणी दिवळीत ठेवलेला, कुणी धान्याच्या डब्यात. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या मातीतला पैसा आमच्याकडं चांगला मानतात, बायका उचलून ठेवतात, हे मला त्या फिरण्यात परत आठवलं. तरी मी गेलो आणि मालनचं नाव घेतलं की देत होत्या. ज्यांनी दिला नाही त्यांना मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. भोकाचा खोटा पैसाही आला. रडका राजा आला नाही.

मग मी भंगारवाल्याकडं गेलो. जुना मालक नाही आता, त्याचा मुलगा बसतो. त्यानं माझं ऐकून घेतलं, माणसाला ढीग उपसायला लावलं. "काका, सगळं तांबं मागच्या आठवड्यातच गाडीनं गेलं," तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं. मी परत आलो आणि त्या दिवसापासून मला जेवण जाईना. मालन गेली तेव्हा जेवलो होतो, खोटं कशाला सांगू. पण आता घास उतरत नव्हता. डोळ्यापुढं एकच यायचं. तो राजा भट्टीत, आणि त्याच्या गालावरची रेघ पाण्यासारखी होतेय.

याच दिवसांत आणखी एक झालं होतं, ते मला उशिरा लक्षात आलं. गंगाक्का यायच्या बंद झाल्या होत्या. पहिले दिवस त्यांनीच मला जेवण दिलं, दारात पातेली ठेवून जायच्या. मग पातेली यायची, पण बाई दिसायची नाही. जिन्यात समोर आल्या तर पदर सावरून बाजूनं जायच्या. मला वाटलं, एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात कसं यायचं असं वाटत असेल.  एका शुक्रवारी मात्र त्यांची दोन पातेली माझ्याकडं साठली होती, ती द्यायला मी त्यांच्या दारात गेलो. दार उघडं होतं.

गंगाक्का मोरीत बसल्या होत्या, कोपरापर्यंत चिंचेचा कोळ. शुक्रवारी देव घासायची त्यांची जुनी पद्धत. पुढ्यात घमेलं, त्यात त्यांचे सगळे देव. अंबाबाई, जोतिबा, रांगता बाळकृष्ण, घंटा, निरांजन, पळी. घासलेले पाटावर उन्हात चमकत होते. मी पातेली ठेवायला आत वळलो आणि समोरच्या रिकाम्या देव्हाऱ्याकडं नजर गेली. रिकामा नव्हता. देव सगळे खाली अंघोळीला उतरलेले, आणि वर तांबड्या कापडावर एकटाच एक काळा पैसा बसलेला. दारातून मला काही रेघ दिसणार नव्हती. तरी मला कळलं.

माझ्या हातातलं पातेलं वाजलं असावं. गंगाक्कांनी वर बघितलं, मी कुठं बघतोय ते बघितलं, आणि त्यांचे हात थांबले.

"दाजी, चोरला न्हाय मी."

"मी कुठं म्हणालो?"

"कोपऱ्यावर माझ्या पायापाशी पडला. उचलला, पदराला बांधला. तवा म्हाईत नव्हतं कुठला ते. घरी येऊन तिनं दावलेलं तसं नख वढलो, तवा कळलं." त्या हाताकडं बघत बोलत होत्या, माझ्याकडं नाही. "देणार हुतो. खरंच देणार हुतो. पर तुमी दारोदार इचारत फिराय लागलासा, आणि म्हटलं आता हाक मारली की घेऊन जाणार. तिच्याजवळ बसलोय मी इतकी वर्षं. माझ्याकडं तिचं काय हाय दुसरं?"

माझ्या डोक्यात त्या वेळी त्यांचं काही नव्हतं, माझं काही नव्हतं. समोर चिंचेचं घमेलं होतं आणि माझ्या तोंडून एकच निघालं.

"घासला काय त्याला?"

"आं?"

"आक्का, एकदा तरी घासला काय?"

गंगाक्कांनी आता माझ्याकडं बघितलं. मी त्यांना चोर म्हटलं असतं तर त्यांना एवढा राग आला नसता. "मला येडी समजलासा काय? तिनं झापलेलं इसरलो काय मी? 'आक्का, देवाला घासा, त्यो परत चकाकतोय. पैशाची चामडी गेली की परत येत न्हाय.' चार बायकांत बोलली मला. दर शुक्रवारी सगळे देव खाली उतरतात माझे, ह्यो एकटा उतरत न्हाय. कोरड्या कापडानं पण पुसत न्हाय त्याला, बघा पाहिजे तर."

मी देव्हाऱ्यापाशी गेलो. पैसा उचलला. काळा कुळकुळीत, जसा मालनच्या मुठीत असायचा तसा. डोळे मिटून राजाच्या गालावरून नख आडवं ओढलं. अडखळलं. परत ओढलं, परत अडखळलं... कितीतरी दिवसांनी मला पोटभर श्वास आला. मी तिथंच देव्हाऱ्याच्या कडेला धरून उभा राहिलो आणि हसायला लागलो. गंगाक्का मोरीतूनच विचारत होत्या, "काय झालं वो? काय झालं?"

मग त्या म्हणाल्या, "न्या. तुमचा हाय." हात धुऊन, पदराला पुसून उभ्या राहिल्या होत्या.

मी पैसा होता तिथं ठेवला. राजाचं तोंड वर करून, डोळा बाहेरच्या उजेडाकडं. "ऱ्हाऊ दे हितंच," मी म्हटलं. मोडीत गेला नाही, कुणी घासला नाही. तिनं जे मागितलं होतं ते तिच्याच बोलण्यानं झालं होतं, मला काही करावं लागलं नव्हतं. सुरेखाला फोनवर सांगितलं तर तिनंही तेच म्हटलं, "आबा, बरं झालं की मग. आईचं ऐकणारं कोणतरी निघालं." बाकीचे पैसे डब्यात घालून तिला जयसिंगपूरला नेऊन दिले. आनंदा येऊन डब्याला हात जोडून गेला, हे मी त्याची चेष्टा म्हणून लिहीत नाही.

त्या दिवशी गंगाक्कांनी विचारलं, "चहा ठेवू?" मी म्हटलं, ठेवा. "साखर?" मी म्हटलं, घाला, चांगली घाला. तेव्हापासून शुक्रवारी मी तिकडं चहाला असतो. त्या मोरीत देव घासत गल्लीतल्या बातम्या सांगतात, मी खुर्ची ओढून देव्हाऱ्यापुढं बसतो. पाटावर एकेक देव चमकायला लागतो. वर तो एकटा, काळा, जागचा हललेला नसतो. चहा संपला की मी उठतो, एकदा नख ओढून बघतो, आणि घरी येतो.